गाझातलं पीठ कोणाच्या जबाबदारीवर? कब्जा, कायदा आणि 'वकाला'

गाझातल्या आणि वेस्ट बँकमधल्या निर्वासित छावण्यांमध्ये उनर्वाला, म्हणजे पॅलेस्टिनी निर्वासितांसाठीच्या संयुक्त राष्ट्रांच्या संस्थेला, कोणी उनर्वा म्हणत नाही, तिथे म्हणतात 'अल-वकाला'. शब्द ओळखीचा वाटला ना? आपला वकील, वकालत, वकालतनामा हे सगळं त्याच अरबी मुळातलं, म्हणजे दुसऱ्याच्या वतीने त्याचं काम बघणारा. शाळा वकालाची, दवाखाना वकालाचा, पिठाचं पोतं वकालाचं, आणि घराघरात जपून ठेवलेलं एक कार्डही वकालाचं. आपल्याकडे रेशन कार्ड जसं नुसतं धान्याचं राहत नाही, ते तुम्ही कोण आणि कुठले याचा पुरावा होतं, तसंच ते कार्ड, कारण त्यामागच्या नोंदीत १९४८ साली, इस्रायलच्या स्थापनेवेळच्या युद्धात, सुटलेल्या गावाचं नाव असतं. मग ते गाव आज नकाशावर असो नसो.

परवा जेवताना भाच्याने विचारलं, "मामा, पण लढाई चालू असताना समोरच्याच्या माणसांना जेवायला कोण घालतं? इस्रायलने का द्यायचं?" प्रश्न खोडसाळ नव्हता, त्याला खरंच कळत नव्हतं, आणि मला वाटतं बऱ्याच जणांच्या डोक्यात हाच प्रश्न आहे फक्त कोणी बोलून दाखवत नाही. आपण बातम्यांमध्ये वाचतो की इस्रायलने मदतीला 'परवानगी' दिली, इतके ट्रक 'सोडले', आणि नकळत आपल्याला वाटायला लागतं की हा सगळा मेहेरबानीचा मामला आहे, द्यायचं तर देतील नाहीतर नाही. कायदा असं म्हणत नाही. कायद्याच्या भाषेत हे देणं आहे, म्हणजे सावकाराचं असतं तसं देणं, आणि ते कुठून आलं ते नीट सांगायचा प्रयत्न करतो.

आधी एक फरक समजून घ्यायला लागेल. युद्ध वेगळं आणि कब्जा वेगळा. युद्धात दोन फौजा समोरासमोर असतात, त्यातही सामान्य लोकांना उपाशी मारायचं नाही असा नियम आहेच, पण कब्जा म्हणजे एका देशाचं सैन्य दुसऱ्याच्या जमिनीवर जाऊन बसलंय आणि तिथला कारभार प्रत्यक्षात त्याच्या हातात आलाय. १९०७ च्या हेग नियमावलीचं ४२ वं कलम एवढंच बघतं की तो प्रदेश खरोखर शत्रूसैन्याच्या अधिकाराखाली आला आहे का, त्याला कोण काय नाव देतं याच्याशी त्याला घेणंदेणं नाही. आणि एकदा तसं झालं की ४३ वं कलम लागू होतं, की बाबा आता इथलं सार्वजनिक जीवन आणि सुव्यवस्था सांभाळायची जबाबदारी तुझी, कारण आधी जो सांभाळत होता त्याला तू हाकललंस.

याच नियमावलीचं ५५ वं कलम सांगतं की कब्जेदार सत्ता तिथल्या सरकारी जमिनी, इमारती, जंगलं यांची मालक होत नाही, ती फक्त सांभाळणारी आणि भोगवटा घेणारी. सातबारा बघितलेल्या माणसाला हे पटकन कळेल, भोगवटादार वर्ग दोनची जमीन तुम्ही वापरू शकता पण मनाला येईल तशी विकू शकत नाही, इथे तर त्याहून कमी हक्क आहे, कारण हा भोगवटा मुळात तात्पुरता असायला हवा. तात्पुरता म्हणजे किती, तर वेस्ट बँक, पूर्व जेरुसलेम आणि गाझाचा कब्जा जून १९६७ पासून चालू आहे. मोजा तुम्हीच.

पण १९०७ च्या नियमांमध्ये अन्नाबद्दल नीट काही नव्हतं, आणि त्याची किंमत दुसऱ्या महायुद्धात लोकांनी मोजली. ग्रीसचं उदाहरण सांगतो कारण आजचे नियम कळायला ते फार उपयोगी आहे. १९४१ मध्ये जर्मनी, इटली आणि बल्गेरियाने ग्रीस वाटून घेतला, कब्जेदारांनी धान्य उचललं, आणि दुसरीकडून ब्रिटनची समुद्री नाकेबंदी होती त्यामुळे बाहेरून गहू येईना. अथेन्सच्या रस्त्यांवर त्या हिवाळ्यात माणसं चालता चालता पडून मेली. कब्जेदार म्हणे नाकेबंदीवाल्यांचा दोष, नाकेबंदीवाले म्हणे खायला घालणं हे कब्जेदाराचं काम. शेवटी १९४२ मध्ये रेड क्रॉसच्या मध्यस्थीने ब्रिटनने नाकेबंदीत फट ठेवली आणि स्वीडनच्या जहाजांतून कॅनडाचा गहू ग्रीसला पोचायला लागला, दोन्ही बाजूंच्या संमतीने. नेदरलँड्समध्येही १९४४-४५ च्या हिवाळ्यात असाच उपासमारीचा प्रसंग आला. युद्ध संपल्यावर १२ ऑगस्ट १९४९ ला चौथा जिनिव्हा करार, म्हणजे युद्धात आणि कब्ज्यात सामान्य लोकांच्या संरक्षणाचा करार, झाला तेव्हा ही प्रेतं लोकांच्या डोळ्यांसमोर होती, म्हणून त्यातली ५५ ते ६३ ही कलमं वाचताना मला तरी ती कोरडी वाटत नाहीत, प्रत्येक ओळीमागे कोणाची तरी आधीची टाळाटाळ दिसते.

कलम ५५ म्हणतं, कब्जेदार सत्तेने आपल्याकडे असतील तेवढ्या सगळ्या साधनांनिशी लोकांना अन्न आणि औषधं मिळतील हे बघायचं, आणि तिथलं कमी पडत असेल तर बाहेरून आणायचं. म्हणजे पहिला नंबर कब्जेदाराचाच, दानशूर संस्था नंतर. कलम ५६ दवाखाने, सार्वजनिक आरोग्य आणि साथीचे रोग यांच्याबद्दल तेच सांगतं. कलम ५० तर लहान मुलांच्या शाळा आणि संगोपनाच्या संस्था नीट चालतील यासाठी सहकार्य करायला सांगतं.

मग येतं कलम ५९, या सगळ्या विषयाचा कणा. लोकसंख्येला किंवा तिच्यातल्या काही भागाला पुरेसं मिळत नसेल तर कब्जेदार सत्तेने मदत योजनांना संमती दिलीच पाहिजे आणि हातातल्या सगळ्या साधनांनी त्या सुकर केल्या पाहिजेत. 'देऊ शकते' असं नाही लिहिलेलं, 'दिली पाहिजे' असं आहे, आणि हा एक शब्दच सगळं बदलतो. तुलना करायची तर १९७७ च्या पहिल्या अतिरिक्त प्रोटोकॉलचं ७० वं कलम बघा, ते कब्ज्यात नसलेल्या प्रदेशासाठी आहे आणि तिथे मदत 'संबंधित पक्षांच्या संमतीच्या अधीन' असं स्पष्ट म्हटलंय. कब्ज्यातल्या प्रदेशासाठी ती पळवाट १९४९ मध्येच बंद केली, कारण ज्याच्या हातात दाराची चावी आहे त्यालाच दार उघडायचं की नाही ते ठरवू दिलं तर काय होतं हे बघून झालं होतं.

आता हेही खरं की ५९ वं कलम इस्रायलला, किंवा कुठल्याही देशाला, डोळे मिटून ट्रक सोडा असं सांगत नाही. माल तपासता येतो, कुठल्या वेळी कुठल्या रस्त्याने जायचं ते ठरवता येतं, आणि माल गरजू लोकांनाच मिळतोय याची वाजवी खात्री मागता येते. हे हक्क खरे आहेत आणि त्यांची टिंगल करण्यात अर्थ नाही. पण तपासणी ही मदत जाऊ देण्यासाठीची पायरी आहे, तिचा वापर मदत अडवायला केला की ते कलमाच्या पोटात शिरून कलमालाच मारणं झालं.

जवळून बघायचं तर करेम शालोमचा नाका बघा, गाझाच्या दक्षिण टोकाला, इजिप्त, इस्रायल आणि गाझा जिथे भेटतात तिथे. तिथे सरळ ट्रक आत जात नाही. इस्रायलच्या बाजूने आलेला ट्रक एका मोकळ्या कुंपण घातलेल्या जागेत पॅलेट उतरवतो आणि मागे फिरतो, मग गाझाच्या बाजूचा ट्रक येऊन तीच पॅलेट फोर्कलिफ्टने उचलतो, दोन्ही ड्रायव्हर एकमेकांना भेटतही नाहीत. म्हणजे प्रत्येक पोतं किमान दोनदा चढतं, दोनदा उतरतं, त्यात तपासणी वेगळी, आणि पलीकडून ट्रकला यायची मुभा नाही मिळाली तर माल तसाच उन्हात पडून. शिवाय 'दुहेरी वापर' नावाची यादी, म्हणजे साध्या कामासोबत लष्करी कामालाही येऊ शकेल असं सामान, त्यात जनरेटर, पाइप, सोलर पॅनल अशा वस्तू अडकत आल्यात. मार्च २०२४ मध्ये उनर्वाचे प्रमुख फिलिप लाझारिनी यांनी जाहीरपणे सांगितलं की मदतीचा एक अख्खा ट्रक परत पाठवला कारण मुलांच्या मेडिकल किटमध्ये कात्र्या होत्या. बँडेज कापायची कात्री. एका कात्रीपायी भरलेला ट्रक मागे फिरतो तेव्हा त्याला वाजवी खात्री म्हणायचं का, हा कायद्याचाच प्रश्न आहे, आणि माझं उत्तर नाही असं आहे.

ऑक्टोबर २०२३ च्या आधी गाझात कामाच्या दिवशी साधारण ५०० ट्रक जायचे, त्यात व्यापाऱ्यांचा मालही आला. २ मार्च २०२५ पासून मे महिन्याच्या मध्यापर्यंत, जवळजवळ अकरा आठवडे, शून्य. पीठ नाही, औषध नाही, इंधन नाही. आणि २२ ऑगस्ट २०२५ ला आयपीसी नावाच्या यंत्रणेने, जी जगभर उपासमारीची पातळी ठरवते, गाझा शहराच्या जिल्ह्यात दुष्काळ असल्याचं जाहीर केलं. दुष्काळ हा शब्द आपण पावसाशी जोडतो, इथे पावसाचा काही संबंध नव्हता.

कलम ६० बद्दल बोलायलाच पाहिजे कारण ते सगळ्यात कमी चर्चेत असतं. बाहेरून मदत आली म्हणून कब्जेदार सत्तेची ५५, ५६ आणि ५९ खालची जबाबदारी कुठल्याही प्रकारे कमी होत नाही, असं ते म्हणतं. मराठवाड्यात उन्हाळ्यात एखाद्या मंडळाने गावाला टँकर दिला म्हणून ग्रामपंचायत हात झटकू शकते का? नाही ना. तसंच हे. उनर्वा पीठ वाटतेय, अरब देश पैसे देतायत, युरोप औषधं पाठवतोय, म्हणून इस्रायलचं देणं फिटत नाही. आणि कलम ६१ सांगतं की हे सामान लवकर वाटलं जावं यासाठी मदत करायची आणि त्यावर कर-जकात लावायची नाही, अपवाद फक्त तिथल्याच अर्थव्यवस्थेच्या हितासाठी गरज असेल तर.

इथे कोणीतरी म्हणेल, पण इस्रायल तर २००५ मध्ये गाझातून निघून गेलं होतं, मग कब्जा कुठला? बरोबर प्रश्न आहे. २००५ मध्ये तिथल्या २१ वसाहती रिकाम्या केल्या, सैन्य बाहेर काढलं. २००७ मध्ये हमासने गाझाचा ताबा घेतल्यावर नाकेबंदी कडक झाली. जानेवारी २००८ मध्ये इंधन आणि विजेच्या कपातीवरच्या खटल्यात इस्रायलच्या सुप्रीम कोर्टाने म्हटलं की गाझावर आता इस्रायलचं प्रभावी नियंत्रण नाही, पण इतकी वर्षं राज्य केल्यामुळे गाझा विजेसाठी आपल्यावर अवलंबून राहिलाय म्हणून किमान गरजेपुरतं द्यायची जबाबदारी राहते. म्हणजे इस्रायलच्या स्वतःच्या कोर्टानेही 'काहीच देणं लागत नाही' असं म्हटलं नव्हतं. हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १९ जुलै २०२४ च्या मतात वेगळा रस्ता घेतला. आकाश, समुद्र, जमिनीवरच्या सीमा, माल आत-बाहेर जाणं, कराची वसुली, लोकसंख्येच्या नोंदी, हे सगळं ज्याच्या हातात त्याच्यावर तेवढ्या प्रमाणात कब्जेदाराची जबाबदारी, जितकं नियंत्रण तितकं देणं. आणि ऑक्टोबर २०२३ नंतर तर फौजा परत आत आल्या, त्यामुळे नियंत्रण वाढलं आणि त्याबरोबर देणंही वाढलं, हे त्याच न्यायालयाच्या २०२५ च्या मतात आलं, त्याबद्दल पुढे सांगतो.

वेस्ट बँकबद्दल इस्रायलची भूमिका आणखी वेगळी आहे, की जॉर्डनचं तिथलं राज्यच जगाने नीट मान्य केलेलं नव्हतं, म्हणून ही 'वादग्रस्त' जमीन, जिनिव्हा करार कायद्याने लागू नाही, त्यातल्या मानवतावादी तरतुदी आम्ही आपणहून पाळतो. गंमत अशी नाही पण गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे की जून १९६७ मध्ये सैन्य आत गेलं तेव्हा लष्करी जाहीरनामा क्रमांक ३ च्या ३५ व्या कलमात लिहिलं होतं की लष्करी न्यायालयांनी चौथा जिनिव्हा करार पाळायचा, आणि तो वरचढ राहील. काही महिन्यांत ते कलम काढून टाकलं. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २००४ मध्ये, इस्रायलने वेस्ट बँकमध्ये बांधलेल्या भिंतीच्या प्रकरणात, आणि नंतरही स्पष्ट सांगितलंय की करार लागू आहे. इस्रायलने तो १९५१ मध्ये स्वीकारलाय.

आता निर्वासितांकडे येऊ. जिनिव्हा करार निर्वासित आणि बिगरनिर्वासित असा भेद करत नाही, कब्ज्याखालचा प्रत्येक संरक्षित माणूस सारखा. मग पॅलेस्टिनी निर्वासितांचा प्रश्न वेगळा का? कारण गाझातले दहापैकी साधारण सात जण नोंदणीकृत निर्वासित आहेत, त्यांचे आजी-आजोबा याफा, अश्कलोन, बीर शेवा या भागांतून १९४८ मध्ये तिथे आले. जबालिया, शाती, नुसैरात, बुरैज, मघाझी, देर अल-बलाह, खान युनिस, रफाह अशा आठ छावण्या एवढ्याशा पट्टीत. आणि या लोकांना जगातल्या बाकीच्या निर्वासितांचं छत्र नाही. १९५१ च्या निर्वासित कराराच्या १-ड कलमाने त्यांना बाहेर ठेवलं, कारण त्यांच्यासाठी आधीच वेगळी संस्था होती. ती म्हणजे उनर्वा. ८ डिसेंबर १९४९ ला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ३०२ क्रमांकाचा ठराव केला, १ मे १९५० ला काम सुरू झालं, तेव्हा साडेसात लाखाच्या आसपास लोक होते, आज जॉर्डन, लेबनॉन, सीरिया, वेस्ट बँक आणि गाझा मिळून ५९ लाख नोंदीत आहेत. म्हणजे उनर्वा बंद केली तर दुसरी संस्था आपोआप पुढे येईल असं काही नाही, कायद्यातच त्यांना एका दाराकडे पाठवलंय आणि मग ते दारच लावून घ्यायचं, असं होतं ते.

१९६७ ला जे झालं ते वाचून मला स्वतःला आश्चर्य वाटलं होतं. सहा दिवसांचं युद्ध १० जूनला संपलं आणि १४ जूनला इस्रायलच्या वतीने मायकेल कोमे आणि उनर्वाचे प्रमुख लॉरेन्स मिशेलमोर यांच्यात पत्रांची देवाणघेवाण झाली. इस्रायलने स्वतः विनंती केली की उनर्वाने वेस्ट बँक आणि गाझात काम चालू ठेवावं, आणि लष्करी सुरक्षेचे अपवाद सोडता आपल्याकडून सगळी सोय करू असं लिहून दिलं. उघड आहे, कब्जेदार म्हणून शाळा, दवाखाने, रेशन हे सगळं नाहीतर स्वतःच्या खर्चाने करावं लागलं असतं. पुढची ५७ वर्षं तो भार संयुक्त राष्ट्रांनी, म्हणजे देणगीदार देशांनी उचलला.

२८ ऑक्टोबर २०२४ ला क्नेसेटने, म्हणजे इस्रायलच्या संसदेने, दोन कायदे केले, एकाने इस्रायल आपली समजतं त्या भूमीत, म्हणजे पूर्व जेरुसलेममध्येही, उनर्वाचं काम बंद, आणि दुसऱ्याने कुठल्याही सरकारी अधिकाऱ्याने उनर्वाशी संपर्क ठेवायचा नाही. नोव्हेंबरच्या सुरुवातीला १९६७ चा करार संपल्याचं कळवलं. ३० जानेवारी २०२५ पासून अंमल. हा दुसरा कायदा वाचायला छोटा वाटतो पण त्याचा अर्थ असा की नाक्यावर ट्रकचा नंबर द्यायला फोन कोणाला करायचा, परदेशी कर्मचाऱ्याचा व्हिसा कोण देणार, आपला ताफा कुठून चाललाय हे सैन्याला कळवायचं कसं, सगळं तुटलं. मे २०२५ मध्ये पूर्व जेरुसलेममधल्या सहा वकाला शाळा बंद केल्या, काही वर्गांत तेव्हा मुलं बसलेली होती.

इस्रायलचं म्हणणं टाळून पुढे जाणं बरोबर नाही. ७ ऑक्टोबर २०२३ ला हमासच्या हल्ल्यात साधारण १,२०० माणसं मारली गेली, २५१ जणांना ओलीस नेलं, तो गुन्हाच होता आणि ओलीस धरणं हे त्याच जिनिव्हा कराराने निषिद्ध केलंय. जानेवारी २०२४ मध्ये इस्रायलने सांगितलं की उनर्वाचे १२ कर्मचारी त्या हल्ल्यात होते. अमेरिकेसह अनेक देशांनी पैसे थांबवले. संयुक्त राष्ट्रांच्या अंतर्गत चौकशीत, आरोप नंतर वाढून १९ जणांवर गेले होते, त्यातल्या नऊ जणांचा सहभाग असू शकतो असं निघालं आणि त्यांना काढून टाकलं. ते व्हायलाच हवं होतं. पण गाझात उनर्वाचे १३ हजारांच्या आसपास कर्मचारी. फ्रान्सच्या माजी परराष्ट्रमंत्री कॅथरीन कोलोना यांच्या एप्रिल २०२४ च्या अहवालात म्हटलं की मोठ्या संख्येने कर्मचारी दहशतवादी संघटनांचे सदस्य आहेत या दाव्याला इस्रायलने अजून पुरावा दिलेला नाही, आणि त्याचबरोबर संस्थेच्या तटस्थतेत काय सुधारायला हवं तेही सांगितलं. दोषी माणसाला पकडा, शिक्षा करा, पण नऊ जणांच्या नावावर वीस लाख लोकांचं पीठ बंद करता येत नाही, त्याला सामूहिक शिक्षा म्हणतात आणि कलम ३३ ने ती मनाई केलीय.

हेच सगळं शेवटी हेगला गेलं. नॉर्वेच्या पुढाकाराने आमसभेने १९ डिसेंबर २०२४ ला न्यायालयाला विचारलं की संयुक्त राष्ट्रं आणि इतर संस्थांच्या कामाबाबत कब्जेदार म्हणून इस्रायलची कर्तव्यं काय. २२ ऑक्टोबर २०२५ ला उत्तर आलं. अन्न, पाणी, कपडे, अंथरूण-पांघरूण, निवारा, इंधन, औषधं आणि उपचार लोकांना मिळतील हे बघणं इस्रायलचं कर्तव्य, यावर न्यायाधीशांचं एकमत झालं. लोकांना पुरेसं मिळत नाही तोवर संयुक्त राष्ट्रांच्या, विशेषतः उनर्वाच्या मदतीला संमती देऊन ती सुकर करायची, यावर दहा विरुद्ध एक. उनर्वाचे मोठ्या प्रमाणात कर्मचारी हमासचे आहेत हे इस्रायलने सिद्ध केलेलं नाही असं न्यायालयाने म्हटलं, आणि तिची जागा थोड्या काळात दुसरं कोणी घेऊ शकत नाही हेही. उपासमार हे युद्धाचं शस्त्र म्हणून वापरायला बंदी आहे याची आठवण करून दिली. आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते हे, की सुरक्षेची काळजी खरी असली तरी ती मानवतावादी कायद्यातून सुटायचं स्वतंत्र दार होत नाही.

हे मत सल्लागार आहे, बंधनकारक निकाल नाही, इस्रायलने ते नाकारलं. पण इथे गल्लत होते, मत बंधनकारक नसलं तरी ज्या करारांचा अर्थ त्यात सांगितलाय ते करार बंधनकारक आहेतच. डॉक्टरचं मत तुम्ही मानू नका, रिपोर्टमधली साखर तेवढीच राहते. आणि आंतरराष्ट्रीय गुन्हेगारी न्यायालय हे वेगळं, तिथे माणसांवर खटला चालतो, त्याच्या नियमात जिनिव्हा करारातली मदत मुद्दाम अडवून लोकांना उपाशी ठेवणं हा युद्धगुन्हा आहे, आणि २१ नोव्हेंबर २०२४ ला इस्रायलचे तेव्हाचे पंतप्रधान नेतान्याहू आणि माजी संरक्षणमंत्री गॅलंट यांच्यावर निघालेल्या अटक वॉरंटमध्ये तो आरोप आहे. आरोप आहे, सिद्ध झालेला नाही.

मदत कशी द्यायची हाही कायद्याचाच भाग आहे. मे २०२५ च्या शेवटी गाझा ह्युमॅनिटेरियन फाउंडेशन या अमेरिका आणि इस्रायलच्या पाठिंब्याने उभ्या राहिलेल्या संस्थेची केंद्रं सुरू झाली, आधी संयुक्त राष्ट्रांची साधारण ४०० वाटप ठिकाणं होती, इथे चार, बहुतेक दक्षिणेला. मैलोनमैल चालत जायचं, तारांच्या रांगेत उभं राहायचं, जो धट्टाकट्टा तो पुढे. म्हाताऱ्या बाईने, पाय गेलेल्या माणसाने, तान्ह्या पोराच्या आईने तिथे पोचायचं कसं? जुलै २०२५ पर्यंत अन्न आणायला गेलेले हजारापेक्षा जास्त लोक मारले गेल्याचं संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने सांगितलं, त्यातले बहुतेक या केंद्रांच्या आसपास. वकालाच्या पद्धतीत कार्ड असायचं, घरात किती माणसं ते लिहिलेलं असायचं, ठरलेल्या दिवशी आपल्याच वस्तीतल्या केंद्रावर जायचं. कंटाळवाणी व्यवस्था होती, आणि रेशनच्या दुकानात उभं राहिलेल्या कोणालाही विचारा, अन्नाच्या बाबतीत कंटाळवाणं असणं किती मोठी गोष्ट असते.

मदत करणाऱ्या माणसांचं संरक्षणही यातच येतं. संयुक्त राष्ट्रांच्या गाड्या, इमारती, कर्मचारी यांना सनदेच्या १०५ व्या कलमाने आणि १९४६ च्या कराराने संरक्षण आहे. तरी ३०० पेक्षा जास्त उनर्वा कर्मचारी या युद्धात मारले गेले, बहुतेक सगळे पॅलेस्टिनी, म्हणजे त्याच छावण्यांतले शिक्षक, नर्स, ड्रायव्हर. आणि आपल्याकडचाही एक माणूस. मे २०२४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा विभागात काम करणारे, पुण्यात घर असलेले एक निवृत्त कर्नल रफाहमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या गाडीतून हॉस्पिटलकडे जात असताना हल्ल्यात गेले. त्यांचं पार्थिव पुण्याला आलं तेव्हा गाझा हे नाव पहिल्यांदा इतकं जवळ आल्यासारखं वाटलं.

भारताचा संबंध तेवढ्यावर थांबत नाही. चारही जिनिव्हा करार आपण १९५० मध्ये स्वीकारले, १९६० मध्ये त्यासाठी संसदेने वेगळा कायदा केला. कराराचं पहिलंच कलम म्हणतं की करार पाळायचा आणि पाळला जाईल हेही बघायचं, म्हणजे सही केलेल्या प्रत्येक देशावर थोडं ओझं आहे. भारत गेली काही वर्षं उनर्वाला दरवर्षी ५० लाख डॉलर देतोय, ते पैसे म्हणजे त्याच पिठात आपलाही मूठभर वाटा. आणि वाटेतल्या देशांसाठी कलम ५९ सांगतं की अशा मालाला मोकळी वाट द्या, हे इजिप्तलाही लागू आणि जॉर्डनलाही.

भाच्याला मी एवढंच सांगितलं की घर ज्याने ताब्यात घेतलं, दाराला कुलूप ज्याने लावलं, चूल पेटवायची जबाबदारी त्याच्यावर येते, आणि दुसरा कोणी डबा घेऊन आला तर तो उघडून बघ, पण आत जाऊ दे. तो म्हणाला, "मग डबे आहेत का पण दाराशी?" आहेत. १० ऑक्टोबर २०२५ ला युद्धविराम झाला तेव्हा इजिप्त आणि जॉर्डनमधल्या गोदामांत उनर्वाचं ६,००० ट्रक भरतील एवढं सामान होतं, पीठ, तंबू, ब्लँकेटं, औषधं. मार्चपासून त्यातलं एकही पोतं वकालाला स्वतःच्या नावाने आत नेता आलेलं नव्हतं.